बाळंतिणीची सोबत

(आदिवासी सेवाकार्याच्या सहायकांचा मेळावा उंब्रज येथे झाला. त्यातील माता-बाल सेवेविषयीचे भाषण वाचकांसाठी देत आहोत.)



मला माता-बाल सेवेचा अहवाल द्यायला सांगितले आहे. अहवाल देईनच. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे. ती दिल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

चार वर्षांपूर्वीची, ऐन थंडीतली गोष्ट. नदीकाठच्या एका कातकरी वस्तीवर आपण दर आठवड्याला जातो. तिथल्या विशीतल्या एका बाईचे दिवस भरत आले होते. तिची पहिली दोन बाळंतपणे झोपडीतच झाली होती. तिसऱ्या वेळी मी हट्ट धरला. "दवाखान्यातच जायचं," म्हणून दोन महिने तिच्या मागे लागले. संध्याकाळी कळा सुरू झाल्यावर मी रिक्षा आणली, तिला आणि तिच्या सासूला बसवले, एका रुग्णालयात नेले, केसपेपर काढून दिला, आणि आपले काम झाले असे समजून घरी येऊन झोपले.

पहाटे फोन आला. ती रात्रीच तिथून निघून गेली होती. सासूला दाराबाहेर बसायला लावले होते. आत ती एकटी. कुणी तिच्याशी बोलले नाही. अंगाला वास येतो, असे कुणीतरी तिच्या देखत म्हणाले. उताणे झोपून राहा, हलू नको, ओरडू नको, एवढ्याच सूचना. मध्यरात्री लघवीला जाते म्हणून ती उठली आणि सासूचा हात धरून वस्तीच्या दिशेने चालू लागली. निम्म्या वाटेत, रस्त्याच्या कडेला ती बाळंत झाली. बाळ रडले नाही. सासूने त्याला चोळले, तोंडावर फुंकर घातली, लुगड्यात गुंडाळून छातीशी धरले. उजाडेपर्यंत सगळे संपले होते.

मी गेले तेव्हा ती माझ्यावर रागावली नाही. एवढेच म्हणाली, "ताई, तुमी असता तर मी ऱ्हायली असती."

आपल्या वार्तापत्राच्या त्या तिमाहीच्या अहवालात, "रुग्णालयात पाठवलेल्या माता" या रकान्यात तिची गणती आहे. तो रकाना मी भरला होता. पाठवली होती, हे खरेच होते. पण तेवढेच खरे होते.

तिच्या त्या वाक्याने मला जे शिकवले ते आज तुमच्यापुढे ठेवायचे आहे. बाळंतिणीला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे जाणता हात आणि दुसरी म्हणजे आपल्या माणसाची सोबत. यातली एक मिळवायला दुसरी सोडावी लागता कामा नये.

माझी आजी याच पंचक्रोशीत सुईण होती. अडलेल्या बाईसाठी रात्री-अपरात्री तिला बोलावणे यायचे. ज्या घरांत एरवी तिला उंबऱ्याच्या आत घेत नसत, त्याच घरांत परसदारातून तिला थेट माजघरात नेत. बाळ झाले, वार पडली, न्हाऊ-माखू घातले, की पुन्हा ती परसदारातून बाहेर. हातात शेर-दोन शेर जोंधळे, कधी एखादे जुने लुगडे. सुईणपण हे विटाळाचे काम, म्हणून ते खालच्या मानलेल्या बाईने करायचे, अशी ती रीत होती. सगळ्या गावाचा पहिला श्वास जिच्या हातात, तिच्याच हाताचे पाणी गावाला चालत नव्हते.

आजीजवळ सोबत भरपूर होती. ती बाईला चालवायची, ओणवे बसवायची, कंबर दाबून द्यायची, गरम पाणी पाजायची. "आता थोडंच राहिलं गं बया," असे म्हणत रात्र काढायची. पण तिच्या हातून गेलेल्या बायाही तिला आठवत. एकीच्या अंगावरून रक्त जायला लागले ते थांबेना. एकीला झटके आले. म्हातारपणी ती मला सांगायची, "मी तिचा हात सोडला नाही, पण तिला धरून ठेवता आलं नाही मला." पुढे मिशनच्या एका नर्सबाईने तिला हात साबणाने धुवायला, पाते उकळून घ्यायला, आणि कोणत्या बाईला वेळेत गाडीत घालायचे ते ओळखायला शिकवले. त्या शिकवण्याने किती जीव वाचले, याचा हिशेब कुठे लिहिलेला नाही.

बंधू-भगिनींनो, शास्त्रात राहेलीची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. एफ्राथच्या वाटेवर, प्रवासात तिला कळा आल्या. सुईण जवळ होती. भिऊ नको, हाही मुलगाच आहे, असा धीर तिने दिला. तरी राहेल वाचली नाही. याकोबाने वाटेतच तिला मूठमाती दिली. त्याच एफ्राथला, म्हणजे बेथलेहेमला, पुढे मरिया पोहोचली, तीही अवघडलेली, तीही वाटेवरची. तिला उतारशाळेत जागा मिळाली नाही. एकीजवळ सोबत होती, पण जीव वाचवणारा उपाय नव्हता. दुसरीला दारातच जागा नाकारली गेली. आपल्या वस्त्यांवरच्या बाया आजही याच वाटेवर उभ्या आहेत.

रुग्णालयात बाळंतपण होणे चुकीचे आहे, असे कुणी माझ्या बोलण्यावरून समजू नये. 2005 पासून जननी सुरक्षा योजना आली, 2011 पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधे, सिझेरियन आणि ने-आण विनामूल्य झाली. आज महाराष्ट्रात शंभरातल्या नव्वदहून अधिक बाया रुग्णालयात बाळंत होतात. 2018 ते 2020 या काळात आपल्या राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे 33 मातांचे मृत्यू झाले. देशाचा आकडा तेव्हा 97 होता. हे रुग्णालयांचे, परिचारिकांचे आणि आशाताईंचे मोठे यश आहे.

पण उरलेल्या बाया कोण, हे विचारायला हवे. त्या कातकरी आहेत, पारधी आहेत, सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल आहेत. आपल्याच भागात दिवाळीनंतर उसाच्या फडावर येणाऱ्या टोळ्यांतल्या बाया आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. नववा महिना लागला तरी ती मोळी डोक्यावर घेते, आणि कोपीत बाळंत होते. तिचे कार्ड गावाकडे, आशाताई गावाकडे, सासू गावाकडे. इथे तिला ओळखणारे कुणी नाही.

आणि ज्या रुग्णालयात पोहोचतात, त्यांचेही सगळे ठीक चालले आहे असे नाही. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे देशात खाजगी रुग्णालयांतली 47 टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारी रुग्णालयांतली 14 टक्के. एकीकडे गरज नसताना पोट कापले जाते, दुसरीकडे गरज असताना डॉक्टरपर्यंत पोहोचताच येत नाही. या दोन्हींच्या मध्ये एक जागा रिकामी आहे. ती सुईणीची आहे, शिकलेल्या आणि मान असलेल्या सुईणीची.

ही जागा भरून दाखवणारे लोक आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे आपल्या मंडळीतलेच दांपत्य. वेल्लोरला शिकले आणि 1970 मध्ये दुष्काळी जामखेडला गेले. त्यांनी काय केले? गावाला आपल्यातली एक बाई निवडायला सांगितले. अशा कितीतरी बाया दलित होत्या, निरक्षर होत्या, कुणी टाकलेल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला शिकायला येत. गरोदर बाई तपासणे, स्वच्छ बाळंतपण करणे, धोका ओळखणे आणि अडलेल्या बाईला रुग्णालयात घेऊन येणे. सुरुवातीला त्या गावांत हजार बाळांमागे 176 बाळे वर्षाच्या आत दगावत. पाच-सहा वर्षांत तो आकडा 52 वर आला. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. ज्या बाईला गाव शिवत नव्हते, तिच्या ओटीत गावाने आपली सून आणि आपला नातू दिला.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. घरी होणाऱ्या बाळंतपणात गावातली दाई तर असायचीच. तिच्या जोडीला गावातलीच एक शिकवलेली बाई बाळासाठी हजर राहू लागली. बाळाला लगेच कोरडे करणे, ऊब देणे, रडले नाही तर श्वास देणे, चीक पाजायला लावणे, जंतुदोष ओळखून औषध देणे. 39 गावांत हे काम झाले आणि नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये ते संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आले, आणि 2011 पासून देशभरातल्या आशाताई याच रीतीने बाळंतिणीच्या घरी भेटी देतात.

त्याच संस्थेने दवाखाना बांधायच्या आधी आदिवासींनाच विचारले, की दवाखाना कसा हवा? लोकांनी सांगितले, मोठ्या इमारतींची भीती वाटते, तिथे आमच्या माणसांना जवळ राहू देत नाहीत. म्हणून शोधग्रामला झोपड्यांसारख्या खोल्या बांधल्या. रोग्याबरोबर घरचे लोक राहतात. आधी विचारले आणि मग बांधले. आपण मिशनचे लोक पुष्कळदा आधी बांधतो आणि मग कुणी का येत नाही म्हणून प्रार्थना करतो.

आता सुईणीच्या हाती चालणारे प्रसूती केंद्र म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. आपल्याकडे पाहायचे तर हैदराबादला 1948 साली सुरू झालेले फर्नांडिस रुग्णालय आहे. तिथे प्रशिक्षित सुईणी तयार केल्या जातात. त्यांच्या आणि युनिसेफच्या साहाय्याने तेलंगण सरकारने 2017 पासून सरकारी रुग्णालयांतल्या नर्सना हे शिक्षण द्यायला सुरुवात केली. डिसेंबर 2018 मध्ये केंद्र सरकारने सगळ्या देशासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अनुभवी नर्सने दीड वर्षाचे प्रशिक्षण घ्यायचे, आणि मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आवारातच सुईणींच्या देखरेखीखालचा वेगळा विभाग असायचा.

तिथे कोणत्या बाया येतात? जिची नाडी, रक्तदाब, रक्त, बाळाची ठेवण सगळे ठीक आहे, अशी बाई. जिला धोका आहे, तिची नोंद आधीपासून डॉक्टरांकडे होते. केंद्रात बाईला आडवे पाडून ठेवत नाहीत. ती चालते, ओणवी होते, उकिडवी बसते, पाणी-पेज घेते. कळांपासून बाळंत होऊन बाळाला पाजेपर्यंत ती एकाच खोलीत असते. तिची सासू, आई, बहीण किंवा नवरा, जिला जो हवा तो, तिच्याजवळ असतो. सुईण कळा, बाळाचे ठोके आणि प्रसूतीची गती कागदावर मांडत राहते. रेघ वाकडी जायला लागली, की शेजारच्या विभागातले डॉक्टर काही मिनिटांत येतात. बाळ झाले की ते पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात, नाळ लगेच कापण्याची घाई करत नाहीत, आणि तासाभरात पाजायला लावतात.

माझ्या आजीला यातले निम्मे तरी ओळखीचे वाटले असते. निम्मे तिला कुणी शिकवले असते तर तिच्या हातून गेलेल्या बाया कदाचित वाचल्या असत्या.

सोबतीचे महत्त्व ही केवळ मायेची गोष्ट नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 26 अभ्यासांतल्या 15,000 हून अधिक बायांचा विचार केला होता. ज्यांच्याजवळ कळांच्या वेळी सतत कुणी धीर देणारे होते, त्यांची सुटका लवकर झाली आणि सिझेरियन कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये, प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबतीण द्यावी, असे सांगितले. आपल्या सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही ते आहे. म्हणजे त्या रात्री त्या सासूला दाराबाहेर बसवणे हे सरकारच्या स्वतःच्या सूचनांविरुद्ध होते. मला ते माहीत नव्हते. माहीत असते तर मी भांडले असते. पण भांडायला आधी तिथे थांबायला हवे होते.

आता आपल्या कामाकडे येते. आपल्या काही वडीलधाऱ्यांनी सुचवले आहे, की संस्थेने स्वतःचे प्रसूतिगृह बांधावे. एका दानशूर कुटुंबाने इमारतीसाठी मदत देऊ केली आहे. त्यांच्या उदारतेबद्दल प्रभूला धन्यवाद. पण मी हात जोडून सांगते, आज ते आपण करू नये. बाळंतपणात रक्त जायला लागले तर दोन तासांतही आई हातची जाऊ शकते. जिथे रक्त, भूल आणि शस्त्रक्रिया जवळ नाही, तिथे सुंदर इमारत असली तरी ती राहेलीच्या वाटेवरचा एक मुक्कामच ठरेल. मोठ्या रुग्णालयाच्या सावलीत असले तरच असे केंद्र सुरक्षित. ते काम सरकारचे आहे, आणि ते आपल्या जिल्ह्यात लवकर व्हावे म्हणून अर्ज, निवेदने आणि भेटी हे आपले काम आहे.

त्या मदतीतून तीन गोष्टी व्हाव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली, सोबतीण. प्रत्येक वस्तीवर बायांनी स्वतः निवडलेली एक बाई. तिला धोक्याच्या खुणा शिकवू. अंगावरून जाणे, सूज, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणे. ती बाळंतिणीबरोबर जाईल आणि बाळंतीण घरी येईपर्यंत तिच्याजवळच राहील. त्या दिवसांची तिची मजुरी आपण देऊ. आपल्याकडे बाईची खुरपणीची मजुरी तीनशे रुपयांच्या आसपास आहे. चार दिवस धरले तर एका बाळंतपणाला बाराशे रुपये. एका घरच्या वाढदिवसाला याहून अधिक खर्च होतो.

दुसरी, माहेरची खोली. गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ सरकारने 'माहेरघर' ही सोय केली आहे. दिवस भरत आलेली बाई काही दिवस आधीच तिथे येऊन राहते. आपल्याकडे तशी एक भाड्याची खोली रुग्णालयाजवळ घ्यावी. चूल असावी, म्हणजे सासूला स्वतःच्या हाताने भाकरी करता येईल. लहान पोरांना निजायला जागा असावी, कारण घरी पोरे सांभाळायला कुणी नसते म्हणूनही बाया येत नाहीत. फडावरच्या टोळीतल्या बाईसाठी तर ते खरोखरच माहेर होईल.

तिसरी गोष्ट पैशांची नाही. आपल्या मंडळीत कितीतरी भगिनी नर्स आहेत. मिरजेच्या, वाईच्या मिशन रुग्णालयांची परंपरा आपल्या घराघरांत आहे. भगिनींनो, रात्रपाळीत दहा बायांमागे तुम्ही एकट्या असता, पाय सुजतात, वरून बोलणी खावी लागतात, हे मला ठाऊक आहे. तरी विनवते, कातकरी बाई आत आली की आधी तिचे नाव विचारा, तिच्याबरोबर कोण आहे ते विचारा, आणि त्या माणसाला आत घ्या.

शेवटी शिप्रा आणि पुवा यांची आठवण करून देते. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात मिसरच्या राजाचे नाव दिलेले नाही. एवढा मोठा फारो, पण त्याचे नाव शास्त्राने नोंदवले नाही. त्या दोन सुइणींची नावे मात्र लिहून ठेवली आहेत, कारण त्यांनी राजापेक्षा देवाचे भय धरले आणि बाळे जगवली. माझ्या आजीचे नाव कुठल्याच वहीत नाही. त्या कातकरी सासूचेही नाही. ती माझ्यासारखा कागद हातात देऊन घरी गेली नाही. थंडीत रस्त्याच्या कडेला नातवंडाला छातीशी धरून ती उजाडेपर्यंत बसली होती.

मागच्या वर्षी तीच बाई पुन्हा पोटुशी राहिली. या वेळी मी रिक्षातून उतरून परत फिरले नाही. सासू आणि मी दोघी आत बसलो. भांडावे लागले नाही. पाळीवरच्या नर्सने स्वतःच स्टूल आणून दिले. पहाटे चारच्या सुमाराला मुलगी झाली. तिचा टाहो ऐकून सासू रडली, आणि खरे सांगते, मीही रडले. या वेळी अहवालात "पाठवलेल्या माता" हा रकाना मी खोडला आहे. त्या जागी "सोबत केलेल्या माता" असे लिहिले आहे. या तिमाहीत तिथे नऊ आहेत. तुमच्या प्रार्थनेने आणि मदतीने पुढच्या अंकात तो आकडा वाढलेला असावा.

प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो. आमेन.